निलंबनात असताना ट्रान्सफर केली आणि वर्ष गेलं

अमेरिकेत कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंसाठी ट्रान्सफर पोर्टल असतं. त्यात नाव कसं टाकायचं, अभ्यासाची क्रेडिट किती लागतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मी लिहितोय ते ट्रान्सफर ट्रेसर नावाच्या फॉर्मबद्दल. नवीन कॉलेजचं कंप्लायन्स ऑफिस, म्हणजे खेळाडू नियमांत बसतो का ते बघणारं, तो जुन्या कॉलेजला पाठवतं. त्यात एक प्रश्न असतो: हा विद्यार्थी शिस्तभंगासाठी निलंबित आहे का? माझ्या फॉर्मवर उत्तर आलं ‘हो’.

मी नाशिकचा, ८०० मीटर धावणारा. तेजस्विन शंकरने २०१८ मध्ये कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेची स्पर्धा, जिंकली, तेव्हापासून अमेरिका डोक्यात बसलेली. पुढे तिथल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या, कॉलेजात स्कॉलरशिप मिळाली. दुसऱ्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, डॉर्ममधल्या, म्हणजे हॉस्टेलमधल्या, माझ्या खोलीत बिअर सापडली. वय १९, आणि तिथे २१ लागतं. आधी एकदा समज मिळालेली होतीच. त्यात मी आरएला, म्हणजे मजल्यावर लक्ष ठेवणाऱ्या सीनियर विद्यार्थ्याला, नाव खोटं सांगितलं, दारावर माझं खरं नाव चिकटवलेलं असताना.

कोचने दोन मीटला (स्पर्धांना) बाहेर बसवलं, पहाटे पाचला स्टेडियमच्या पायऱ्या चढायला लावल्या आणि म्हणाले, झालं, आता विसर. मी विसरलो.

इथेच फसलो, म्हणून हे दोनदा सांगतो. कोचने बसवणं आणि कॉलेजने निलंबित करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत दोन्हींना ‘सस्पेन्शन’ हा एकच शब्द वापरतात, म्हणून घोळ होतो. कोचची शिक्षा संघापुरती. कॉलेजची शिक्षा स्टुडंट कंडक्ट ऑफिस देतं आणि तिथे कोचचा शब्द चालत नाही. त्यांचे मेल कॉलेजच्या इनबॉक्समध्ये येत होते. मी ते पार्किंगच्या सूचनांसारखे समजून उघडलेच नाहीत. सुनावणी माझ्याविना झाली. शिक्षा, पुढच्या फॉल सेमिस्टरचं (ऑगस्ट ते डिसेंबर) निलंबन. अपिलाला कामाचे पाच दिवस होते. मी पत्र वाचलं तो नववा दिवस.

बाबांनी नाशिकहून रात्री दीडला फोन लावला. मुलाच्या लेखी संमतीशिवाय काही सांगता येणार नाही, असं नम्र उत्तर मिळालं. फेर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवण्याचा कायदा, १९७४ पासूनचा. फी बाबा भरोत नाहीतर आजोबा, कागद तुमच्या नावाचा.

मग मी पोर्टलमध्ये नाव टाकलं. दुसऱ्या राज्यातल्या कोचने विचारलं, काही भानगड? मी म्हणालो, दोन मीट बाहेर बसवलं होतं. खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. ऑगस्टमध्ये रुजू झालो, सप्टेंबरमध्ये ट्रेसर परत आला.

एनसीएएचा नियम असा: शिस्तभंगाचं निलंबन चालू असताना तुम्ही कॉलेज बदललंत, तर नवीन कॉलेजात पूर्ण एक कॅलेंडर वर्ष काढल्याशिवाय स्पर्धेत उतरता येत नाही. सराव करता येतो, स्कॉलरशिपही मिळू शकते, पण पळता येत नाही. आणि कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या पाच वर्षांचं घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. ‘चालू असताना’ या दोन शब्दांपायी माझे इनडोअर आणि आउटडोअर, दोन्ही सीझन गेले. निलंबन डिसेंबरमध्ये संपणार होतं. जानेवारीत रुजू झालो असतो तर हा नियम मला लागूच झाला नसता.

का थांबलो नाही? व्हिसा. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना निलंबन सुरू झालं की कॉलेजला सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद बंद करावी लागते. मग घरी जा, नवीन आय-२० (व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रवेशपत्र) घ्या, ३५० डॉलर फी पुन्हा भरा. मला ते नामुष्कीचं वाटलं. उन्हाळ्यात, नोंद जिवंत असताना, ती नवीन कॉलेजकडे वळवून घेतली आणि स्वतःला हुशार समजलो. आज विचाराल तर सांगेन, चार महिने गंगापूर रोडवर पळलो असतो तर परवडलं असतं.

एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने कितीही वेळा ट्रान्सफर करायची मुभा दिली. मी तेव्हा स्टँडमध्ये बसून टीममेट्सच्या बाटल्या सांभाळत होतो. आता सगळं मोकळं झालं, असं मुलं म्हणत होती. नाही झालं. अभ्यासात पात्र असणं आणि निलंबनात नसणं, या अटी त्यातही होत्या.

आता घाबरलेल्यांसाठी. नुसती ताकीद किंवा प्रोबेशन म्हणजे निलंबन नव्हे. त्याने हा नियम लागत नाही. ॲडमिशनवाले विचारतील, खरं सांगा, बहुतेक वेळा निभावतं. पण हिंसा किंवा लैंगिक छळाचं प्रकरण असेल तर माझा अनुभव तुमच्या कामाचा नाही. तिथे एसईसीसारख्या कॉन्फरन्सचे, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांचे, २०१५ पासून वेगळे, कडक नियम आहेत. आधी वकील गाठा.

सीनियर एक युक्ती सांगतात, सुनावणीआधीच कॉलेज सोडून दे. ऐकू नका. आरोप प्रलंबित ठेवून गेलात तर ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) अडकू शकते, आणि परवानगी न घेता वर्ग सोडलेत तर एफ-१ चा दर्जा तिथेच संपला. भारतातले रिक्रूटिंग एजंट तर लाखभर घेऊन फक्त हायलाइट व्हिडिओ कापून देतात. माझ्या एजंटने ट्रेसर हा शब्दच ऐकला नव्हता. कोच वाईट नसतात, पण त्यांना शनिवारची मीट दिसते. मला खरं उत्तर मिळालं ते कंप्लायन्समधल्या एका बाईंकडून. त्यांच्याकडे मी फक्त बुटांच्या पावतीची सही घ्यायला जात असे.

त्यांनी सांगितलेलं एवढंच करा. रुजू होण्याची तारीख ठरवण्याआधी जुन्या कॉलेजला मेल टाका: माझं निलंबन नक्की कोणत्या तारखेला संपतं, आणि त्यानंतर मला परत यायची मुभा आहे का? उत्तर लेखी मागा. ते नवीन कॉलेजच्या कंप्लायन्सला पाठवा, कोचला नव्हे. आणि कॉलेजचा इनबॉक्स रोज उघडा, पार्किंगच्या सूचनांसकट.