खांबामागच्या खुर्च्या: मेलबर्नच्या कॉमेडी फेस्टिव्हलात स्वतःचा शो करताना

पहिल्या वर्षी माझ्या दुसऱ्या प्रयोगाला पाच जण होते. त्यातला एक दिवे-आवाज सांभाळणारा मुलगा, एक माझा नवरा, आणि एक चुकून आलेला. त्याला शेजारच्या खोलीतला जादूचा शो बघायचा होता, पण उठून जायला संकोच वाटला म्हणून बसून राहिला. उरलेल्या दोघी नेमक्या खांबामागे. खोली एका पबच्या वरच्या मजल्यावर होती, चाळीस खुर्च्यांची, आणि मधोमध लोखंडी खांब. भाडं एवढं कमी कसं, हे मी बुकिंग करताना विचारलंच नव्हतं.

आता दोन वर्षं हा उद्योग करून झाल्यावर मला मेसेज येतात, बहुतेक मुलींचे. 'ताई, मलाही करायचंय, सुरुवात कुठून करू?' प्रत्येकीला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी एक गैरसमज दूर करू. मेलबर्न इंटरनॅशनल कॉमेडी फेस्टिव्हल १९८७ पासून भरतो. मार्चअखेरीला सुरू होतो आणि एप्रिलमध्ये साडेतीन-चार आठवड्यांनी संपतो. स्वान्स्टन स्ट्रीटवरचा टाउन हॉल हे त्याचं मुख्य ठिकाण, बाकी सगळं शहरभर पसरलेलं: ट्रेड्स हॉल, बटरफ्लाय क्लब, पबचे माळे, तळघरं. काही शो फेस्टिव्हल स्वतः करतो. बाकी ढीगभर शो स्वतंत्र असतात, म्हणजे जागा तुम्ही शोधायची, नोंदणीचे पैसे तुम्ही भरायचे, नाव त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत छापून येतं. या शोंसाठी 'निवड' अशी नसते. मी आईला फोनवर म्हटलं, आंतरराष्ट्रीय महोत्सवात माझा एकपात्री आहे. तिने डोंबिवलीतल्या अख्ख्या सोसायटीत सांगितलं, लेकीची निवड झाली. मी दुरुस्ती केली नाही. तुम्हीही करू नका, पण स्वतःला मात्र खरं काय ते माहीत असू द्या: लेखिका, नटी, निर्माती आणि सतरंज्या उचलणारी, सगळं तुम्हीच.

तासाभराच्या शोची सुरुवात पाच मिनिटांपासून होते. बुधवारी रात्री एखाद्या पबात ओपन माइकला, म्हणजे कोणीही येऊन चार मिनिटं विनोद करून बघावेत अशा मंचावर, नाव द्यायचं, तीन-चार वेळा साफ पडायचं. फेस्टिव्हलचीच रॉ कॉमेडी ही नवोदितांची स्पर्धा आहे, १९९६ पासूनची. तिथेही पाचच मिनिटं मिळतात. २००६ साली ती विनोदकार हॅना गॅड्सबी यांनी जिंकली होती. मी पहिल्याच फेरीत बाहेर पडले, पण त्या रात्री भेटलेल्या दोघी आजही मला विनोद तपासून देतात.

पाचाचे दहा होतात, दहाचे वीस. इथे माझी चूक सांगते. वीस मिनिटं चांगली जमल्यावर मला वाटलं, अशी तीन जोडली की झाला तास. नाही होत. वीस मिनिटं लोक नुसत्या विनोदांवर हसतात. पंचविसाव्या मिनिटाला त्यांना प्रश्न पडतो की ही बाई आपल्याला नेमकं काय सांगतेय. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते त्यांना दिसत होतं. पहिल्या वर्षी दुसऱ्या एखादीबरोबर अर्धा-अर्धा तास वाटून घ्या. भाडं निम्मं, पत्रकं वाटायला दोन हात जास्त, आणि रडायला शेजारी कोणीतरी. मला हे एकीने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण पोस्टरवर एकटीचा फोटो हवा होता.

तास म्हणजे पन्नास मिनिटं, हेही लक्षात ठेवा. त्याच खोलीत तुमच्या आधी एक शो, नंतर एक. तुम्ही लांबलात तर पुढच्या माणसाचे प्रेक्षक जिन्यात ताटकळतात, आणि तो माणूस ते विसरत नाही.

आता पैसे. माझी दिवसाची नोकरी पगारपत्रकांची, त्यामुळे या विषयात मला रस जरा जास्तच. ऑस्ट्रेलियन बिझनेस नंबर काढा, तो फुकट मिळतो. वर्षाची उलाढाल ७५,००० डॉलरच्या आत असेल तर जीएसटीला नोंदणी करावी लागत नाही. तुमची असेलच आत. पब्लिक लायबिलिटी विमा लागतो: कोणी तुमच्या वायरीत पाय अडकून पडलं तर. प्रेक्षक आत येताना गाणी वाजवणार असाल तर त्यांचा परवाना कोणाकडे आहे, जागेकडे की तुमच्याकडे, हे लेखी विचारून घ्या. जागेचे सौदे साधारण दोन प्रकारचे: ठरलेलं भाडं, किंवा तिकीटविक्रीत वाटा. वाट्यात पुष्कळदा 'किमान इतके तरी द्यावेच लागतील' अशी एक ओळ लपलेली असते. ती शोधून काढा.

गणित असं. चाळीस खुर्च्या, पंचवीस डॉलर तिकीट, खोली भरली तर १,००० डॉलर. माझी पहिल्या वर्षी सरासरी बारा माणसं आली, म्हणजे रात्रीचे तीनशे, तेही मंगळवारचं स्वस्त तिकीट आणि फुकटचे पास न धरता. त्यातून भाडं, नोंदणी, पोस्टर, तंत्रज्ञ. तोटा होणारच आहे, तेव्हा तो आधी ठरवून घ्यावा. मी ठरवला होता: मेलबर्न-मुंबई-मेलबर्न एक विमानाचं तिकीट. तेवढाच झाला, थोडासा वर. त्या डिसेंबरात मी घरी गेले नाही. आईला कारण वेगळं सांगितलं.

म्हणून पूर्ण महिना घेऊ नका. सात-आठ रात्री पुरे. सोमवारी शहर थंड असतं, शनिवारी मोठी नावं गर्दी ओढून नेतात. मला बुधवार-गुरुवार मानवले. जमलं तर त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲडलेड शहरातल्या फ्रिंज या कलामहोत्सवाला चार प्रयोग करून या. तिथेही कोणालाही नोंदणी करता येते, आणि इथले कितीतरी जण नवा शो तिथे घासूनपुसून मगच मेलबर्नला आणतात.

पत्रकं वाटणं हा स्वतंत्र छळ आहे. 'कॉमेडी आवडते का?' असं विचारलंत तर लोक 'नाही' म्हणतात, निर्विकारपणे, कॉमेडी फेस्टिव्हलच्या दारात उभं राहून. मी पुढे एकच वाक्य म्हणायला लागले: 'सात वाजता, चारशे पावलांवर, एक मराठी बाई आपल्या सासूबद्दल चांगलं बोलणार आहे.' थांबायचे. एप्रिलमध्ये मेलबर्नला कधीही पाऊस येतो, पत्रकं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

बाई असण्याबद्दल विचारतात सगळ्या, तर सांगते. ओपन माइकला दहा जणांत तुम्ही एकट्या असाल आणि सूत्रसंचालक 'आता एक मुलगी येतेय हं' अशी ओळख करून देईल, ही शक्यता अजून आहे. तुमच्या आधीच्या तिघांनी बायकोवर तेच विनोद केलेले असतील. स्वतःच्या शोचा खरा फायदा इथे कळतो. खोलीत बसलेला प्रत्येक जण तुमचं नाव वाचून, पैसे देऊन आलेला असतो (जादूवाला सोडून). पहिली दोन मिनिटं 'मी विनोदी आहे' हे सिद्ध करण्यात जात नाहीत.

फेस्टिव्हलात 'अपफ्रंट' नावाची एक रात्र असते, कित्येक वर्षांची, जिथे एकाही पुरुषाला माइक मिळत नाही. ती प्रेक्षकात बसून बघा, कोण किती वेळ गप्प राहतं ते मोजा. आणि 'गोल्डन गिबो' हा पुरस्कार २००४ साली गेलेल्या विनोदकार लिंडा गिब्सन यांच्या नावाने दिला जातो, धंद्याचा विचार बाजूला ठेवून आपल्या कल्पनेमागे गेलेल्या स्थानिक, स्वतंत्र शोला. २०२१ मध्ये फेस्टिव्हलचा सर्वोत्कृष्ट शोचा मुख्य पुरस्कारही एका बाईला, जेराल्डिन हिकी यांना मिळाला.

रात्रीच्या परतीबद्दल विनोद नाही. जून २०१८ मध्ये युरिडिसी डिक्सन ही बावीस वर्षांची विनोदकार शहरातला कार्यक्रम करून चालत घरी जात होती. प्रिन्सेस पार्कमध्ये तिचा खून झाला. इथल्या बायका अजून तिचं नाव घेतात. आम्ही काही जणींनी गट केलाय: शेवटचा शो ज्या खोलीत, तिथे सगळ्यांनी जमायचं, एकत्र स्टेशनपर्यंत जायचं, पोचल्यावर मेसेज टाकायचा. मी टार्नीट या उपनगरात राहते, शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून गाडी. म्हणून शोची वेळ मागताना मी आधी गाडीचं वेळापत्रक बघते. साडेनऊची वेळ नाकारली तर कमी तळमळीची समजतील, असं वाटून पहिल्या वर्षी गप्प बसले होते. कोणी काही समजत नाही. विचारा.

आणि शेवटी ज्यासाठी हे सगळं, ते विनोद. एका रविवारी महाराष्ट्र मंडळातली अकरा माणसं आली, बाकीचे गोरे. माझा हळदीकुंकवावर सहा मिनिटांचा भाग होता. गोरे शेवटाला हसायचे: घरोघर फिरून कुंकू लावून घेतलं, आणि परत येताना हातात कोणालाच नको असलेली प्लास्टिकची चाळणी. त्या दिवशी मी 'वाण' हा शब्द उच्चारला आणि अकरा माणसं तिथेच फुटली. विनोद अजून दोन मिनिटं लांब होता. तो आला तेव्हा गोरे हसले आणि मंडळी शांत, कारण चाळणी त्यांच्या घरी आहेच, त्यात विनोद काय? एकाच खोलीत दोन शो चालू होते आणि मला दोन्हींची गती सांभाळायची होती. त्या रात्रीपासून मी 'वाण'नंतर थांबते. ज्यांना कळतं ते हसतात, आणि बाकीचे ते का हसले म्हणून कान टवकारतात.

दुसरी गोष्ट याहून अवघड गेली. मी आईची नक्कल करायचे, जाड हेल काढलेल्या इंग्रजीत. हमखास हशा. मंडळातल्या एक काकू नंतर जिन्यात म्हणाल्या, 'छान करतेस गं. आई इंग्रजीत बोलते का तुझी?' नाही बोलत. आई माझ्याशी कधीच इंग्रजीत बोललेली नाही. तो आवाज मी कुठल्यातरी टीव्ही मालिकेतून उचललेला होता. दुसऱ्या दिवशी तो भाग काढला आणि शोमध्ये चार मिनिटांचं भगदाड पडलं. आता तिथे आई मराठीतच बोलते आणि मी भाषांतर करते, मुद्दाम चुकीचं. हशा आधीपेक्षा कमी आहे, पण वाढतोय.

प्रत्येक प्रयोग फोनवर रेकॉर्ड करा आणि परतीच्या गाडीत ऐका, कितीही लाज वाटली तरी. तंत्रज्ञाला पहिल्या दिवशी नावाने हाक मारा. तिकिटांचा हिशेब फेस्टिव्हल संपल्यावर काही आठवड्यांनी मिळतो, तोवर कार्डावर खरेदी करू नका. पुढच्या वर्षीची नोंदणी आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत होते, पण चांगल्या खोल्या त्याआधीच तोंडी ठरलेल्या असतात.

यंदाची खोली मी स्वतः जाऊन, प्रत्येक खुर्चीवर बसून पाहिली. खांब नाही. भिंतीपलीकडे स्वच्छतागृह आहे, आणि हात वाळवायचं यंत्र सुरू झालं की माझा आवाज बुडतो. ते एका वेळी किती सेकंद चालतं, हे मोजून आलेय. चौदा.