खाऱ्या पाण्याचा टँक असो नाहीतर मालवणचं डायव्हिंग, शेवाळाचा तुकडा समुद्रात सोडू नका, काय करायचं ते बघा

कोल्हापुरात बसून समुद्री शेवाळाचं काय घेऊन बसलाय असं वाटेल, पण सुट्टी लागली की आपली जनता गगनबावड्यावरनं घाट उतरून थेट मालवणात, आणि घरी खाऱ्या पाण्याचा माशांचा टँक ठेवणारी मंडळी पण आहेत की. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्यातच येतो. तिथं बाहेरचं शेवाळ घुसलं तर काढायला किती ताप होईल ते रंकाळा तलावातलं केंदाळ (जलपर्णी) बघितलेल्या माणसाला सांगायला नको, फक्त तिकडं सगळा कारभार पाण्याखाली आणि पोकलेन चालत नाही.

आधी टँकवाल्यांचं, कारण खरी गोम तिथं आहे. माशांच्या घाणीनं पाण्यात साठणारं नायट्रेट कमी करायला संपमध्ये (म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) कॉलर्पा नावाचं समुद्री शेवाळ ठेवतात, दिसायला नेच्यासारखं, हिरवंगार. त्यातल्याच टॅक्सिफोलिया जातीचं टँकमध्ये वाढवलेलं वाण १९८४ साली मोनॅकोच्या मत्स्यालयाखालच्या समुद्रात सापडलं, जेमतेम एक चौरस मीटर, आणि पुढं ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरलं. बी नाही काही नाही, नुसता तुकडा तुटला की त्याचं नवीन झाड, सेंटीमीटरभर पुरतो. कॅलिफोर्नियात २००० साली एका खाडीत दिसलं तर लोकांनी वरनं ताडपत्र्या घालून आत क्लोरीन सोडलं, पूर्ण गेलं म्हणून जाहीर करायला २००६ उजाडलं आणि ७० लाख डॉलरच्या वर खर्च झाला!

म्हणून छाटणी केली की तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा (घरात सांगून ठेवा, नाहीतर कोणतरी भाजी म्हणून बाहेर काढेल), मग कोरड्या कचऱ्यात टाका. लाइव्ह रॉक (टँकमध्ये ठेवतात ते जीवजंतू असलेले समुद्री दगड), वाळू टाकायची असेल तरी हेच, कारण बारीक तुकडे त्यात अडकलेले असतात. टँकचं पाणी ब्लीच घालून ठेवा आणि मगच ओता. समुद्रातलं शेवाळ रंकाळ्यात जगणार नाही हे खरं, पण म्हणून टँक बंद करताना सगळं डब्यात भरून मालवणच्या जेटीवर "निसर्गात सोडतो" म्हणणारे असतात ना, त्यांना आवरा. मासे पण सोडायचे नाहीत, दुकानदाराला परत द्या.

डायव्हिंग, स्नॉर्कलिंगला स्वतःचं सामान नेत असाल तर प्रत्येक जागेवरनं निघताना जाळीची बॅग, फिनच्या पट्ट्या, बुटाचे तळवे, डायव्हिंगच्या जॅकेटच्या आत साठलेलं पाणी सगळं बघायचं, अडकलेलं काढून कचऱ्यात टाकायचं, मग गोड्या पाण्यात भिजवून उन्हात खडखडीत वाळवायचं. ओलसर सावलीत कॉलर्पा १० दिवसापर्यंत जिवंत राहतं, त्यामुळं डिकीत बांधून ठेवलेली ओली बॅग तशीच पुढच्या ट्रिपला गोव्यात किंवा अंदमानात उघडू नका. बोटवाल्याचा नांगर, दोर यावर पण लक्ष टाका, ते कोण धूत नाही.

आणि पाण्यात काही वेगळं दिसलं तर? उपटू नका, उपटलं की तुकडे होतात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय काही काढणं वन्यजीव कायद्यात पण बसत नाही. फोटो काढा, मापासाठी शेजारी हाताचं बोट नाहीतर नाणं ठेवून, लोकेशन आणि पाण्याची खोली लिहून ठेवा, वनविभागाला कळवा, १९२६ हेल्पलाइन आहे. प्रवाळावर जाडसर, मांसल, फांद्याफांद्यांचं शेवाळ चढलेलं असेल तर लगेच, कारण आइस्क्रीम-टूथपेस्टला दाटपणा आणणाऱ्या कॅराजीननसाठी बाहेरून आणलेलं कप्पाफायकस नावाचं शेवाळ तमिळनाडूत मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ असंच प्रवाळावर चढलेलं २००८ मध्ये नोंदलं गेलं.

पावसाळ्यानंतर खडकावर तपकिरी, बारीक फुग्यांचं सरगॅसम शेवाळ भरपूर दिसतं, ते आपलंच आहे हं, त्यात माशांची पिल्लं लपतात, त्याचे फोटो पाठवून वनविभागाला पिडू नका.