पेट्रोल कटर वॉरंटीत न्यायच्या आधी

मिरज-कुपवाड भागात नळजोडणीसाठी काँक्रीटचे रस्ते कापायचं काम करतो मी. १४ इंची ब्लेडचा पहिला कटर चौथ्याच महिन्यात बसला. वॉरंटी होती, पण सर्व्हिसवाल्यानं पिस्टन पुढ्यात ठेवला. "धूळ गेलीय, हे वॉरंटीत बसत नाही." डोकं फिरलं, पण तो खोटं बोलत नव्हता. एअर फिल्टर मीच कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करायचो. त्यानं फिल्टरचा कागद विरतो, भोक डोळ्यांना दिसतही नाही.

आता मशीन दमायला लागलं की आधी फिल्टर काढतो आणि कार्बुरेटरच्या तोंडात बोट फिरवतो. बोटाला पिठासारखी धूळ लागली, तर मशीन तिथंच बंद. पाण्याचा पाइप लावल्याशिवाय तर कापायचंच नाही, पोरं कितीही कंटाळा करू देत.

इंजिन स्वतः खोलू नका. तुमच्यासमोर खोलायला सांगा. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असले, तर बहुधा ऑइल कमी पडलंय. कार्बुरेटरच्या बाजूला घासून मळकट झालाय, म्हणजे धूळ. माझ्या मशीनला १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल लागतं, तुमच्या मशीनचं पुस्तक बघा. ऑइल मापानंच घाला, बाटलीच्या झाकणानं नको.

बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नंबरची पट्टी वर्षभरात घासून जाते. मशीन देताना तक्रार जॉबकार्डावर लिहून घ्या. "बघतो" म्हणाला तरी पावती घेतल्याशिवाय हलू नका.