हृदयासाठी सप्लिमेंट घेताय? या चुका टाळा

अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या घरी गोळ्यांचा डबा असतो आणि त्याच्या शेजारी बाटल्यांची वेगळी रांग. डब्यातलं सगळं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. बाटल्या मात्र कुणी अमेरिकेतून आणलेल्या, कुणी व्हॉट्सॲपवर वाचून मागवलेल्या. तपासणीला जाताना डबा पिशवीत जातो, बाटल्या घरीच राहतात. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच. ‘ते काही औषध नाही’ म्हणून आपण सांगत नाही आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तर विषयच निघत नाही. पुढच्या वेळी बाटल्याही न्या, निदान लेबलांचे फोटो तरी.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांना आणि एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराच्या) काही रुग्णांना वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम दिलेली असते. या गोळ्या रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन केचं काम रोखतात. हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत हल्ली डी३ बरोबर व्हिटॅमिन के२ सुद्धा घातलेलं असतं. गुडघे दुखतात म्हणून आजी ती गोळी सुरू करतात, महिन्याभरात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) खाली येतो आणि झडपेवर गुठळी धरण्याचा धोका वाढतो. कारण मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, कारण कॅल्शियमवर कोण संशय घेणार?

उलट बाजूलाही धोका आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या चालू असताना लसणाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई किंवा जास्त मात्रेतलं फिश ऑइल घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो. दात घासताना रक्त येणं, न लागता अंगावर काळे-निळे डाग उठणं, ही लक्षणं दिसली तर सप्लिमेंट थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर लगेच दवाखाना गाठा. लिहून दिलेली गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. स्टेंट बसवलेल्याने क्लोपिडोग्रेल अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं.

आयएनआर अचानक हलला तर गेल्या काही आठवड्यांत नवीन काय सुरू झालं, काय बंद झालं, हे लिहून काढा. काढा, चूर्ण, प्रोटीन पावडर, सगळं. पालेभाजी सोडायची गरज नसते, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं. दात काढायचा असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन, ही यादी तिथेही दाखवा.

स्टॅटिनऐवजी लसूण आणि हळद

स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. तिने स्नायू दुखतात, लिव्हर बिघडतं, असं ऐकून ती सोडून लसूण-हळदीकडे वळणारे पुष्कळ. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हीच तुलना करून पाहिली. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन फक्त ५ मिलीग्रॅम, एकाला औषधाविना नुसती दिखाऊ गोळी आणि बाकीच्या गटांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा घटक) किंवा रेड यीस्ट राइस (लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ). २८ दिवसांत रोसुव्हास्टॅटिनच्या गटाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे ३८ टक्क्यांनी उतरलं. सहापैकी एकही सप्लिमेंट दिखाऊ गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरलं नाही. लसूण फोडणीत जरूर घाला, पण गोळीची जागा त्याला देऊ नका.

रेड यीस्ट राइसबद्दल आणखी एक गोष्ट. त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे रसायन म्हणून लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिनच, फक्त बाटलीगणिक त्याचं प्रमाण वेगळं. ॲटोर्व्हास्टॅटिन चालू असताना ‘नैसर्गिक’ म्हणून हेही घेतलं तर दोन स्टॅटिन पोटात जातात. दंड-मांड्या ठणकू लागल्या, लघवी चहासारखी गडद झाली, तर वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

स्टॅटिनच्या जोडीला घरगुती काही हवंच असेल तर इसबगोल चांगलं. त्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंनी एलडीएल थोडं उतरतं. भरपूर पाण्याबरोबर घ्यावं आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर त्या नीट शोषल्या जात नाहीत.

फिश ऑइलचा आकडा

बाटलीवर १००० मिलीग्रॅम लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. मागची बाजू वाचा: साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३००. ज्या रिड्यूस-इट चाचणीचा फायदा सगळीकडे सांगितला जातो, तिच्यात शुद्ध ईपीए रोज ४ ग्रॅम दिलं होतं, तेही ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेल्या आणि स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांना. दुकानातून आणलेली रोजची एक कॅप्सूल त्या जागी बसत नाही. शिवाय जास्त मात्रेने एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो. छातीत धडधड सुरू झाली तर ईसीजी काढून घ्या. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी, तळून नको, कालवणातली. शाकाहारी मंडळींची जवसाची चटणी छानच, पण त्यातल्या ओमेगा-३ चा अगदी थोडा भाग शरीरात ईपीए-डीएचए बनतो.

लो सोडियम मीठ, डी आणि बी१२

लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाब-हृदयाची औषधं घेणाऱ्यांनी आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी सहसा आठवड्याला एक असते. ती रोज घेतल्याने कॅल्शियम वाढून दवाखान्यात पोचलेले रुग्ण डॉक्टरांना माहीत आहेत.

बी१२ मात्र आपल्याकडे खरोखर कमी असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये ते कमी आढळलं. तपासा, कमी असेल तर घ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर नक्कीच तपासा. पण ते नसा आणि रक्तासाठी. बी जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन (हृदयविकाराशी जोडला जाणारा रक्तातला घटक) उतरतं, तरी त्यामुळे हार्ट अटॅक कमी झाल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही.

केसांची गोळीसुद्धा सांगा

केस गळतात म्हणून १० मिलीग्रॅम बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेणाऱ्या तरुणी आणि पुरुषही खूप आहेत. रोजची गरज साधारण ०.०३ मिलीग्रॅम. एवढ्या जास्त बायोटिनमुळे काही यंत्रांवर ट्रोपोनिनचा, म्हणजे हार्ट अटॅक ओळखण्याच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. छातीत दुखून कॅज्युअल्टीत पोचलात तर नातेवाइकांनी ईसीजी निघत असतानाच सांगावं: बायोटिन चालू आहे, शेवटची गोळी अमुक वेळी घेतली.