टॅलीतली उधारी: जमा बिलालाच लावा

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाचं खातं उघडतानाच ‘बिल-बाय-बिल’ला (प्रत्येक बिलाची बाकी वेगळी ठेवायच्या सोयीला) होकार द्या, उधारीची मुदतही तिथेच भरा. खरी गोम पैसे जमा करताना असते. घाईत सगळी रक्कम ‘ऑन अकाउंट’, म्हणजे कोणत्याही बिलाला न जोडता, टाकली जाते. एकूण बाकी बरोबर दिसते, पण नेमकं कोणतं बिल थकलंय ते कळत नाही. म्हणून ‘अगेन्स्ट रेफरन्स’ निवडून त्या-त्या बिलालाच रक्कम लावा. पार्टीने कोणत्या बिलाचे ते न सांगता एकरकमी पैसे पाठवले तर सरळ फोन करून विचारा. पार्टीने पैसे देताना टीडीएस (उगमातच कापलेला कर) कापला असेल तर तोही त्याच बिलावर टाका, नाहीतर किरकोळ बाकी वर्षभर लटकते (आणि मार्चमध्ये सीए ओरडतो). एवढं झालं की ‘आउटस्टँडिंग्ज’ या थकबाकीच्या रिपोर्टमध्ये दर सोमवारी ६० दिवसांपुढची बिलं पाहा आणि वसुलीचे फोन तिथूनच सुरू करा.