पोस्टाने डिप्लोमसी चालवताय? मग निदान या चुका टाळा

डिप्लोमसी म्हणजे युरोपच्या नकाशावर सात देशांचा पटावरचा खेळ; टपालाने खेळताना सगळे आपल्या चाली संपादकाला पाठवतात आणि तो सगळ्यांचा निकाल एकदम लावून पत्रिकेत छापतो. नव्या संपादकाचा पहिला अंक ओळखायला वेळ लागत नाही. मुखपृष्ठ झकास, संपादकीय ऐसपैस, आणि पुढच्या चाली कधीपर्यंत पाठवायच्या ती तारीख कुठेतरी आतल्या पानावर, संपादकाच्या सर्दीखोकल्याच्या बातमीखाली. १९६३ साली 'ग्राउस्टार्क' ही पत्रिका निघाली आणि डिप्लोमसी टपालाने खेळली जाऊ लागली. तेव्हापासून अशा पत्रिकेचं काम एकच आहे: सात जणांना सात ठिकाणी एकच पट दिसला पाहिजे. बाकीची हौस त्यानंतर.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे अर्धवट लिहिलेल्या ऑर्डरचा (म्हणजे चालीच्या लेखी हुकमाचा) अर्थ संपादकाने आपल्या मनाने लावणं. एका डावात मी फ्रान्स होतो. डावातल्या १९०१च्या वसंतात, म्हणजे पहिल्याच फेरीत, इंग्लंडवाल्याने लिहिलं: लंडनचं आरमार इंग्लिश खाडीत, लिव्हरपूलचं सैन्य यॉर्कशायरला, एडिनबराचं आरमार 'नॉर'. आता नॉर म्हणजे काय? नॉर्वे नाही, कारण एडिनबराहून तिथे थेट जाता येत नाही. पण उत्तर समुद्रही लागून आहे आणि नॉर्वेजियन समुद्रही. संपादक म्हणाले, एडिनबराचं आरमार बहुतेक जण नॉर्वेजियन समुद्रातच नेतात, आणि तसं छापून मोकळे झाले. इंग्लंडला हवा होता उत्तर समुद्र. यॉर्कशायरचं सैन्य तिथूनच पलीकडे उतरवायचं होतं. आता ते सैन्य किनाऱ्यावर हात चोळत बसलं.

इंग्लंडचं तिखट पत्र आलं. संपादक विरघळले आणि पुढच्या अंकात निकाल 'दुरुस्त' केला. तोवर जर्मनीने उत्तर समुद्र मोकळा आहे असं धरून शरदाच्या चाली पाठवल्याही होत्या. मग त्याचं पत्र. दोन अंक नुसता पत्रव्यवहार, मग इंग्लंड डाव सोडून गेला आणि त्याच्यामागे आणखी दोघांचा उत्साह गेला. पहिल्या निकालात फायदा माझाच होता, तरी मी म्हणेन की दोन्ही निकाल चूक. नियमपुस्तक सांगतं की ऑर्डर कितीही वाईट लिहिलेली असो, तिचा एकच अर्थ निघत असेल तर ती पाळायची. इथे दोन निघत होते. म्हणजे आरमार एडिनबरालाच उभं. इंग्लंड चिडला असता, पण स्वतःच्या अक्षरावर.

माझी सवय सांगतो. प्रत्येक अंकात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, संक्षेपांची यादी छापायची: नॉर्वे एनडब्ल्यूवाय, उत्तर समुद्र एनटीएच, नॉर्वेजियन समुद्र एनडब्ल्यूजी. लिव्होनिया-लिव्हरपूल आणि टायरोलिया-टायऱ्हेनियन या जोड्या ठळक अक्षरात. नवख्याने पूर्ण नाव लिहायचं, सवलत नाही. चार अक्षरं वाचवून डाव घालवणाऱ्यांची मला कीव येत नाही.

दुसरी लाडकी चूक: मुदत पत्र टाकण्याची की पोहोचण्याची, हे न सांगणं. 'शिक्का मुदतीच्या आतला असला की चालेल' हे ऐकायला उदार वाटतं. पण मग सगळी पत्रं आली हे संपादकाला कळणार कधी? निकाल लावून, छापून अंक टाकावा आणि दुसऱ्या दिवशी वेळेतल्या शिक्क्याचं पत्र दारात. म्हणून मुदत पत्र हातात पडण्याची. तारीख आणि वार दोन्ही पहिल्या पानावर, चौकटीत. उशिरा आलेलं पत्र मी फोडतच नाही. फोडलं की ती चाल किती सुंदर आहे ते दिसतं आणि मन डळमळतं. मित्राला 'या वेळेपुरतं' म्हणून फोनवर चाल घेतलीत, तर पुढच्या मुदतीला सातही जण फोन करतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

ज्याच्या चाली आल्याच नाहीत त्याची सगळी दलं जागेवर उभी राहतात, हे सगळ्यांना माहीत असतं. राखीव खेळाडू मात्र कोणी नेमत नाही. पहिली गैरहजेरी झाली की त्याच अंकात राखीवाचं नाव छापा आणि पुढच्या चाली दोघांकडूनही मागवा. मूळ खेळाडूच्या आल्या तर त्याच्या धरायच्या, नाही तर राखीवाच्या. डाव थांबवून ठेवून 'त्याला एक संधी देऊ' म्हणणारे संपादक उरलेल्या सहा जणांची संधी घालवतात.

बाकीच्या चुका उभ्या उभ्या. निकालात नुसत्या हललेल्या दलांची नावं देऊ नका. सगळी दलं आणि सगळी पुरवठा केंद्रं (ज्या प्रांतांच्या संख्येवर दलांची संख्या ठरते ती) दर वेळी लिहा, म्हणजे छपाईची चूक कोणीतरी पकडेल. सेंट पीटर्सबर्ग, स्पेन आणि बल्गेरियाला दोन-दोन किनारे आहेत; आरमार कुठल्या किनाऱ्यावर आहे ते लिहा. हिवाळ्याची बांधणी (नवी दलं उभारणं) शरदाच्या चालींसोबत जर-तर करून मागवलीत तर एक फेरी वाचते. पण अशा अटी तीनपेक्षा जास्त घेऊ नका, नाही तर वकिलाची नोटीस वाचल्यासारखं होतं. खेळाडूंनी लिहिलेल्या थट्टेच्या खोट्या बातम्या जरूर छापा, पण संपादकाच्या घोषणेसारखी दिसणारी एकही नको. आपणच चालवत असलेल्या डावात खेळू नका. यावर चर्चाही नको.

आणि कृपा करून पहिल्याच अंकात पाच डाव उघडू नका. एका डावाचे सात खेळाडू, पटावर सुरुवातीलाच २२ दलं, प्रत्येकाची ऑर्डर दुसऱ्याच्या ऑर्डरशी ताडून बघायची. कोणाचा पाठिंबा (दुसऱ्या दलाला दिलेलं बळ) तुटला, कोणाची वाहतूक (आरमाराने सैन्य समुद्रापार नेणं) अडली हे बघण्यात एक संध्याकाळ सहज जाते. जिंकायला ३४ पैकी १८ केंद्रं लागतात. एवढं होईपर्यंत वर्षं उलटतात. नव्याला घाई असते ती डाव सुरू करण्याची. डाव संपवलेले संपादक मला मोजकेच भेटले.

वर्गणीचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा आणि प्रत्येकाचे किती अंक शिल्लक आहेत ते त्याच्या पत्त्याच्या चिठ्ठीवरच लिहा. पत्रिका बंद करायची वेळ आली तर गप्प बसू नका: शेवटच्या अंकात प्रत्येक डावाची पूर्ण स्थिती छापा, तो कोणत्या संपादकाकडे जातोय ते कळवा आणि उरलेले पैसे परत करा.