फर्निचर घ्यायच्या आधी घरातली माणसं मोजा

मी सुतार. गाव संगमेश्वर तालुक्यात, पण 1991 पासून काम डोंबिवलीत. हल्ली गिऱ्हाईक आलं की आधी मोबाइल पुढे करतं, "मिस्त्री, अस्सा सोफा हवा, किती होतील?" फोटो छानच असतो. मी विचारतो, "घरात कोण कोण आहे? यावर सगळ्यात जास्त वेळ कोण बसणार?" बरेच जण गप्प होतात, कारण दुकानात हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. फर्निचर घराला शोभलं पाहिजे हे खरं, पण त्याआधी ते घरातल्या माणसांच्या अंगाला मानवलं पाहिजे. तयार घ्या नाहीतर करून घ्या, टेप आधी माणसांना लावा, मग भिंतींना.

माप असं घ्यायचं. माणसाला स्टुलावर बसवा, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत टेप धरा. चपला काढून, कारण घरात आपण अनवाणीच बसतो. येईल ते माप म्हणजे त्या माणसाच्या बैठकीची उंची. दुकानातल्या खुर्च्या साधारण 17-18 इंचांच्या असतात. पाच फुटांच्या आतल्या बाईचं माप 15 ते 16 भरतं. तिचे पाय लोंबत राहतात, खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतात. गुडघे दुखणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना बसण्यापेक्षा उठणं जड जातं, म्हणून बैठक मापापेक्षा दीड-दोन इंच उंच आणि रेटा देऊन उठता येईल असे खुर्चीला भक्कम हात.

एका घरात मला स्वयंपाकघराच्या कपाटासाठी बोलावलं होतं. हॉलमध्ये नवाकोरा सोफा, आणि आजी मात्र स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. सून म्हणाली, "आईंना हल्ली आमच्यात बसायलाच नको असतं." आजी काही बोलल्या नाहीत. मी टेप काढून सोफा मोजला तर 15 इंच. आजींचं मापही साडेपंधरा, म्हणजे वरवर सगळं बरोबर. मग आजींना म्हटलं, "एकदा बसून दाखवा." त्या बसल्या आणि गादी दबून उंची राहिली 12 इंच. गुडघे वर, कंबर खाली, हाताशी धरायला काही नाही. त्यांना उठवायला सुनेला हात द्यावा लागला. आजींना तेच नको होतं, दर वेळी कुणाला तरी हाक मारणं. मी सोफ्याच्या पायांखाली तीन-तीन इंचांचे सागाचे ठोकळे स्क्रूनं घट्ट बसवले आणि एका टोकाच्या बैठकीतला आधीचा मऊ फोम काढून 40 डेन्सिटीचा, म्हणजे जास्त दाट, फोम घातला. पुढच्या आठवड्यात कपाट बसवायला गेलो तेव्हा आजी हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलेल्या होत्या. तेव्हापासून मी सोफा रिकामा मोजत नाही. माणूस बसवून मोजतो. तुम्हीही दुकानात तसंच करा, आणि ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांना सोबत न्या.

सोफ्याची खोलीही बघा. पाठ पूर्ण टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची घडी यांच्यात तीन बोटं मावली पाहिजेत. फोटोतले ऐसपैस सोफे आतून 24-25 इंच खोल असतात. उंच माणूस त्यात सुखात बसतो, बुटक्या माणसाला पाठीमागे दोन उश्या लागतात. फोमची डेन्सिटी विचारून घ्या: बैठकीला 40, पाठीला 32 चालते. सांगाडा तपासायचा तर पुढचा एक पाय अर्धी वीत उचला. पुढचा दुसरा पाय लगेच उठला तर सांगाडा ताठ आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला आणि मधेच कुरकुर आली, तर तो सोफा तिथेच सोडा.

जेवणाच्या टेबलाचा हिशेब सोपा आहे. बैठकीपासून टेबलाच्या फळीपर्यंत 11 ते 12 इंच अंतर. खुर्ची कमी उंचीची केली तर टेबलही तेवढंच उतरवायचं. माणशी 24 इंच रुंदी धरा, ताट-वाटी-तांब्या त्यात नीट राहतो. फळीखालची आडवी पट्टी मांडीला घासत नाही ना, एवढं बसून बघा.

आता जागा. माझे वडील गिऱ्हाइकाच्या घरी खडू घेऊन जायचे. सोफा, पलंग, कपाट सगळं जमिनीवर खऱ्या मापात आखायचे आणि सांगायचे, "तीन दिवस यातनं वावरा, रेषेवर पाय पडू देऊ नका, मग मला बोलवा." मी अजून तेच करतो. फरशीवर खडू नको असेल तर वर्तमानपत्रं अंथरा. 10 फूट रुंदीच्या हॉलचं उदाहरण घ्या, म्हणजे 120 इंच. सोफा 34, पुढे पाय ठेवायला 16, टीपॉय 24, टीव्हीचं युनिट 16. उरले 30. हातात ताट घेऊन माणूस न अडखळता जायला 30 इंच लागतातच. आता सोफा 40 इंचांचा घेतलात तर वाट 24 वर येते आणि टीपॉयचा कोपरा रोज कुणाच्या ना कुणाच्या नडगीला लागतो. अशा वेळी टीपॉय लहान करा, वाट कमी करू नका. बेडरूममध्ये कपाट आणि पलंग यांच्यात तीन फूट मिळत नसतील तर कपाटाला सरकती दारं बसवा.

वस्तू घरात शिरणार कशी, हे मी स्वतः चुकून शिकलो. 1998 साली एका कपाटाची उंची 82 इंच ठेवली, खोली 24. बेडरूमच्या माळ्याखाली 84 इंच होते, म्हणजे दोन इंच मोकळे. कारखान्यात कपाट पूर्ण जोडून, पॉलिश करून नेलं. खोलीत आडवं नेलं आणि उभं करायला लागलो, तर वरचा कोपरा माळ्याला अडकला. कपाट उभं करताना ते आपल्या कर्णावर फिरतं आणि या कपाटाचा कर्ण भरत होता साडेपंच्याऐंशीच्या आसपास. खालचा चार इंचांचा चौथरा कापून वेगळा केला आणि नंतर पाचरी मारून पुन्हा खाली सरकवला. गिऱ्हाईक सज्जन होतं, पण त्या नव्या लाकडावर करवत चालवताना जिवावर आलं. तुम्ही तयार कपाट घेणार असाल तर उंची आणि खोली दोन्ही मोजा, लिफ्टचं दार मोजा, जिन्याचं वळण मोजा. सुटे भाग घरी जोडून मिळत असतील तर तसंच मागा.

लाकूड आणि प्लाय यांवर थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

प्लायच्या फळीवर छाप असतो तो वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस 303 मधला एमआर ग्रेड म्हणजे दमटपणा सोसणारा, कोरड्या खोलीतल्या कपाटाला पुरे. आयएस 710 म्हणजे मरीन, बीडब्ल्यूपी, उकळतं पाणीही सोसणारा. त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. सिंकखाली, बाथरूमच्या भिंतीला लागून, बाल्कनीत हाच वापरा. कपाटाच्या उभ्या फळ्या 18-19 मिलिमीटरच्या हव्यात. आम्ही सहा सूत म्हणतो, कारण आमच्या हिशेबात इंचाचे आठ सूत. तीन फुटांपेक्षा लांब फळीवर पुस्तकं ठेवायची असतील तर मधे आधार मागा, नाहीतर दोन वर्षांत तिला पोट येतं.

तयार फर्निचर पुष्कळदा पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून दाबलेल्या फळीचं असतं. ते वाईटच असं मी म्हणणार नाही. भाड्याच्या घरात, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाला ते चालतं. पण त्याचा शत्रू आपल्या घरात रोज फिरतो, तो म्हणजे ओला पोछा. एका चपलांच्या कपाटाची खालची कड मी पाहिलीय. पट्टीचा जोड नखाएवढा सुटला होता. त्यातून दोन पावसाळे पोछ्याचं पाणी आत गेलं आणि सहा सुतांची फळी पावासारखी फुगून इंचाच्या वर गेली. बोट लावलं की भुसा हातात. एकदा फुगलेली ही फळी वाळवून मूळ जाडीला येत नाही. म्हणून जमिनीला टेकणारी कुठलीही वस्तू तीन-चार इंच पायांवर हवी, आणि सगळ्या कडा पट्टीनं बंद हव्यात. खालची आणि मागचीसुद्धा, जिथे कुणी बघत नाही तिथली. दुकानात वाकून बघायला लाजू नका.

सागवानाची गोष्टच वेगळी. त्यात तेल असतं, त्यामुळे वाळवी सहजी लागत नाही आणि पावसाळ्यात ते फारसं फुगत नाही. आपल्या चंद्रपूर-बल्लारशाचं सागवान देशभर नावाजलेलं आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये तिथूनच लाकूड गेलं तेव्हा आमच्या कारखान्यात सगळ्यांना अभिमान वाटला. पण 'सागवानी' असं लिहिलेली प्रत्येक खुर्ची सागाची नसते. रबरवुडला सागाच्या रंगाचं पॉलिश मारलं की वरून कळत नाही. खुर्ची उलटी करा आणि बैठकीखालचा पॉलिश न केलेला भाग बघा. तिथे सोनेरी-तपकिरी रंग, गडद रेघा आणि हाताला किंचित तेलकटपणा लागला तर साग. फिकट, एकसारखं, वास नसलेलं असेल तर दुसरं काहीतरी आहे, किंमतही तशीच द्या. सागातही गाभ्याचं लाकूड घ्यायचं. कडेच्या पांढरट भागाला कीड लागते. लाकूड स्वतः विकत घेणार असाल तर घनफुटाचा हिशेब घरीच करा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले 144. सात फूट लांब, पाच इंच रुंद, दोन इंच जाड तुकडा म्हणजे 70 भागिले 144, साधारण अर्धा घनफूट.

साग परवडत नसेल तर नाराज होऊ नका. आमच्या कोकणात फणसाच्या लाकडाचे देव्हारे होतात. कापल्यावर हळदीसारखं पिवळं दिसतं, वर्षं सरतात तसं तांबूस होत जातं. माझ्या आईचा देव्हारा फणसाचाच आहे. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, पण औषध मारून वाळवलेलं नसेल तर त्याला कीड फार लवकर धरते.

जुनं फर्निचर मला मनापासून आवडतं. मुंबईत चोरबाजारात आणि ओशिवऱ्याला अजून चांगल्या वस्तू मिळतात, आणि पाडलेल्या वाड्यांचं सागवान तर कित्येक पावसाळे बघून स्थिरावलेलं असतं. घेताना मागचे पाय बघा. टाचणीएवढी गोल भोकं दिसली आणि खाली पिवळसर पांढरा ताजा भुगा पडलेला असेल तर कीड अजून आत आहे, तशी वस्तू घरातल्या बाकी लाकडाजवळ आणू नका. भोकं जुनी, काळपट आणि कोरडी असतील तर औषध भरून ती वस्तू वापरता येते. सांधे बघा. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत गेलेलं असेल तर ती खुर्ची पुन्हा पुन्हा घट्ट करता येते. नुसते खिळे आणि लोखंडी कोपरे असतील तर तसं करता येत नाही.

पलंग करून घेताना आधी गादी ठरवा. गादी 78 इंचांची आणि पलंग आतून 72 चा, हा घोळ मी दुसऱ्यांच्या कामात अनेकदा निस्तरलाय. खाली सामान ठेवायची पेटी असेल तर वरच्या फळीला हवेसाठी भोकं पाडायला सांगा. समुद्राजवळच्या दमट हवेत बंद फळीवरच्या गादीला खालून बुरशी येते, आणि गादी उचलेपर्यंत ती दिसत नाही.

ठरलेलं सगळं कागदावर घ्या: प्लायचा ग्रेड आणि जाडी, सनमायका कितीचा, बिजागऱ्या आणि खण सरकवायचे चॅनल कुठल्या कंपनीचे, पैसे कुठल्या टप्प्याला किती. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही, उलट त्याचंही काम सोपं होतं. काम संपल्यावर सनमायकाचे उरलेले तुकडे आणि थोडं पॉलिश मागून ठेवा, पुढे एखादा टवका उडाला तर तोच रंग बाजारात मिळेल याची खात्री नसते.

आणि पहिल्या जुलैत लाकडी खण अडकायला लागला तर लगेच रंधा मारायला सांगू नका. लाकूड तेव्हा दमट हवेनं फुगलेलं असतं, दिवाळीनंतर आपोआप आकसतं, आणि तासलेला खण मग खडखडत राहतो. तोवर खणाच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासा, सहज सरकेल. नोव्हेंबरातही अडकत असेल तर मात्र मिस्त्रीला बोलवा.